डिकीतली आस्थापना

पुण्यात कोथरूडपासून हडपसरपर्यंत कुठल्याही मोठ्या सोसायटीच्या फाटकाशी पहाटे साडेपाचला उभे राहा. दूधवाल्याच्या आगेमागे एक काळा घट्ट टी-शर्ट आत शिरतो, वॉचमनला ‘काय मामा, झोप झाली का?’ म्हणतो आणि लिफ्ट सोडून जिना चढतो. पाठीवरच्या सॅकमध्ये रेझिस्टन्स बँड, दोरी आणि योगा मॅट. बारा किलोचं केटलबेल ॲक्टिव्हाच्या डिकीत, त्यामुळे गाडी मागून जरा दबलेली. हा पर्सनल ट्रेनर. याला सगळे ‘सर’ म्हणतात, सत्तरीचे आजोबासुद्धा. घरी मात्र तो अजून पिंट्याच असतो.

या सर लोकांतली एक पोटजात मला फार प्रिय आहे. मोठ्या जिममधली नोकरी नुकतीच सोडलेले आणि ‘स्वतःचं काहीतरी’ सुरू करू पाहणारे सर. जिममध्ये घाम यांचा आणि फीमधला मोठा वाटा मालकाचा, हे त्यांना बरीच वर्षं खुपत असतं. आता क्लायंट आहेत, सर्टिफिकेट आहे, हृदय बंद पडलं तर छाती कशी दाबायची त्याचाही कोर्स झालेला आहे. फक्त नाव ठरायचंय. नाव नाही म्हणून लोगो नाही, लोगो नाही म्हणून टी-शर्ट छापलेले नाहीत, टी-शर्ट नाहीत म्हणून फोटोशूट अडलंय आणि फोटोशूट झाल्याशिवाय फी वाढवायची कशी? असा सगळा संसार त्या एका ‘फक्त’वर टांगलेला असतो.

आमच्या सोसायटीतल्या सरांनी एकदा मलाच गाठलं. ‘सर, तुम्ही लिहिता ना काहीतरी? मग एखादं नाव सुचवा की.’ आम्ही दोघं एकमेकांना सर म्हणतो. ते म्हणतात ते आदरानं, मी म्हणतो ते त्यांच्या दंडाकडे बघून.

त्यांच्या वहीतली यादी मी पाहिली. पहिली दोन पानं जंगलाची आणि युद्धाची: बीस्ट, टायटन, स्पार्टन, अल्फा, वॉरियर. पुढे नुसतं ‘फिटनेस’ लावणं कमीपणाचं, म्हणून फॅक्टरी, नेशन, लॅब, झोन. आता यांचे क्लायंट बघा. सकाळी सहाला बँकेतून निवृत्त झालेले काका. त्यांचं ध्येय एकच, पर्वतीच्या एकशे तीन पायऱ्या मध्ये न थांबता चढायच्या. सातला एक काकू. त्यांचा खांदा आखडलाय आणि त्यांना वरच्या फळीवरचा डबा स्वतःच्या हातानं काढायचाय. आठला आयटीतला एक तरुण, ज्याला सत्यनारायणाला मांडी घालून बसता येत नाही म्हणून घरात दरवर्षी पूजेला मोठा भाऊ बसतो. या तिघांना ‘स्पार्टन नेशन’मध्ये भरती करायचं म्हणजे स्पार्टाची काळजी वाटते.

इंग्रजी पानं संपली की संस्कृत सुरू होतं. ओज, बल, ऊर्जा, रुद्र, वज्र. वज्र बरं होतं, पण ते इन्स्टाग्रामवर आधीच कुणीतरी घेतलेलं. मग वज्रच्या मागे अंडरस्कोअर, अंडरस्कोअरच्या मागे ‘ऑफिशियल’, त्याच्या मागे जन्मसाल. हे नाव फोनवर सांगायला लागलं की समोरच्याचा वॉर्मअप होऊन जातो. नंतर साहजिकच इतिहास. शिवरायांचं नाव लावायचा उत्साह एका वकील क्लायंटनं वेळीच आवरला. 1950 च्या बोधचिन्हं आणि नावांच्या गैरवापराच्या कायद्यात महाराजांचं नाव परिशिष्टात आहे आणि धंद्याला ते केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय लावता येत नाही. ‘मग मावळा?’ सरांनी विचारलं. वकील म्हणाले, ‘मावळा चालेल, पण आधी माझा तो प्लँक संपल्याचं सांगा. दीड मिनिट झालं.’

वकिलाच्याच तोंडून ट्रेडमार्क हा शब्द आला आणि सरांची उरलीसुरली झोप गेली. प्रशिक्षणासाठी 41 वा वर्ग, एकट्या माणसानं ऑनलाइन अर्ज केला तर फी साडेचार हजार, जर्नलमध्ये छापून आल्यावर कुणी हरकत घेतंय का याची चार महिने वाट, आणि सगळं सुरळीत झालं तर दहा वर्षं नाव आपलं. इथवर ठीक. पण गाव आणि काम एवढंच सांगणारं नाव, म्हणजे ‘पुणे फिटनेस’सारखं, तिथे सहसा अडतं, कारण ते कुणा एकाचं कसं होणार? थोडक्यात, काकूंना जे नाव चटकन कळतं ते कायद्याला पटत नाही आणि कायद्याला जे आवडतं ते काकूंना कळत नाही. सरांनी यावर रात्रभर डोकं चालवून एक कोरा करकरीत शब्द घडवला: ‘व्यायोनिक्स’. काकूंनी तो दोनदा म्हणून पाहिला आणि विचारलं, ‘जेवणाआधी घ्यायची की नंतर?’

अंकशास्त्रवाल्या बाईंकडे जाणं मात्र अटळ होतं. त्यांनी ‘फिट’च्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये शेवटी आणखी एक टी घालायला सांगितला. सर अंधश्रद्ध नाहीत. त्यांनी बाहेर पडल्या पडल्या शास्त्रीय खुलासा शोधला, की दोन टी असलेलं ‘फिट’ आमच्या अभ्यासक्रमातच आहे: व्यायाम आठवड्यातून किती वेळा, किती जोरात, किती वेळ आणि कुठल्या प्रकारचा, या चार गोष्टींची ती आद्याक्षरं. खुलासा बिनतोड होता. बाईंची फी वाया गेली नाही, एवढाच त्याचा उपयोग.

सल्ला देणाऱ्यांत ‘आडनाव लावा की सरळ’ म्हणणारा एक असतोच. तो 1932 साली मुंबईत सुरू झालेल्या तळवलकरांचा दाखला देतो. बरोबरच आहे, एका मराठी आडनावाचा अर्थ पुढे कित्येक शहरांत ‘जिम’ असाच होऊन बसला. पण ते तळवलकर होते म्हणून जमलं. मराठी आडनावांना व्यायामाचं जरा वावडंच आहे. ‘पोटे वेट लॉस’ कसं वाटतं? ‘वाकडे योगा’? ‘लठ्ठे स्लिमिंग’? विदर्भात आळशी आडनावाची चांगली सधन घरं आहेत. त्यातला कुणी ट्रेनर झाला तर त्यानं काय करावं? आमच्या सरांचं आडनाव मोडक. ‘मोडक पर्सनल ट्रेनिंग’ हे नाव गुडघेदुखीवाल्या काकांना त्यांनी चाचपून पाहण्यासाठी सांगितलं. काका काही बोलले नाहीत. नुसता गुडघा चोळत राहिले.

यात तालमींची आठवण निघाल्याशिवाय राहत नाही. कोल्हापुरातली गंगावेस तालीम काय किंवा पुण्यातली चिंचेची तालीम काय, नावाला कुणी बैठका घेतल्या नाहीत, बैठका मारल्या. जवळ वेस होती, दारात झाड होतं, संपला विषय. कोल्हापुरात तर पाटाकडील तालीम मंडळ, खंडोबा तालीम मंडळ, दिलबहार तालीम मंडळ अशा नावांचे संघ मैदानात उतरतात ते फुटबॉल खेळायला, आणि नाव बदला असं तिथे कुणी म्हणून दाखवावं! अमरावतीत 1914 साली वैद्य बंधूंनी सुरू केलेल्या संस्थेचं नाव श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ. आजच्या कुठल्याही ब्रँडवाल्या मुलानं ते पहिल्या फटक्यात नापास केलं असतं, कारण टी-शर्टावर मावणार नाही. या मंडळाचं पथक 1936 च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी तिथे जाऊन भारतीय खेळांची प्रात्यक्षिकं दाखवून आलं.

हे सगळं मी सरांना ऐकवलं. त्यांनी मन लावून ऐकलं आणि म्हणाले, ‘म्हणजे झाडाचं नाव द्यायचं म्हणता? बाओबाब?’

मुळात माणूस वाईट नाही. कामात तर अजिबात नाही. काकूंचा खांदा किती अंशांत उठतो ते तो दर आठवड्याला वहीत लिहितो. काकांना पहिले काही आठवडे त्यानं खुर्चीतून हात न टेकता उठायला लावलं, बस्स, दुसरं काही नाही. घाई करणाऱ्या क्लायंटला तो बजावतो, ‘सर, वजन महिन्यात दहा किलो उतरत नसतं, उतरवणाऱ्याकडे जाऊ नका.’ दुसऱ्याला जो शॉर्टकट तो पायरीवरही करू देत नाही, तोच स्वतःच्या धंद्यासाठी मात्र एका शब्दात शोधत बसलेला असतो. बाळाला बाराव्या दिवशी आत्या कानात कुर्र करून नाव सांगून मोकळी होते. या धंद्याला आत्या नाही, एवढीच काय ती अडचण.

आता गंमत बघा. दुकानं आणि आस्थापनांच्या पाट्या मराठीत, देवनागरीत लावायच्या आणि ती अक्षरं इतर लिपीतल्या अक्षरांपेक्षा लहान ठेवायची नाहीत, असा नियम राज्यात 2022 च्या दुरुस्तीनं आणखी कडक झाला. सरांना ते समजलं तसं त्यांनी उरलेली इंग्रजी नावं देवनागरीत लिहून पाहिली. ‘पल्स’ वाचून त्यांच्या आईनं विचारलं, पोलिओचा डोस तू देणार? ‘स्वेट’ वाचून आजीनं विचारलं, पुढचा ‘र’ पुसला गेलाय का? ही नावं कटाप झाली. मग पाटीची मापं काढायला ते रंगाऱ्याकडे गेले. त्यानं एकच प्रश्न विचारला: पाटी लावायची कुठे?

कारण आस्थापना डिकीत आहे. व्यायाम काकांच्या हॉलमध्ये, काकूंच्या गॅलरीत, सोसायटीच्या गच्चीवर, रविवारी तळजाईवर. पाटी लावायला भिंत नाही.

नावं तर लोकांनी कधीच ठेवून टाकली आहेत. काकांच्या फोनमध्ये ते ‘गुडघा सर’ आहेत. काकूंच्या फोनमध्ये ‘खांदा मोडक’. आयटीवाल्यानं ‘पीटी डोन्ट पिक अप’ असं साठवलंय, कारण फोन येतो तो पहाटे पाच वीसला. आठ-दहा क्लायंट यातल्याच कुठल्या तरी नावानं एकाकडून दुसऱ्याकडे नंबर गेल्यामुळे आलेले आहेत, आणि हे सरांनाही चांगलं ठाऊक आहे. वही तरीही भरतेच आहे. मागच्या आठवड्यात चॅटजीपीटीनं दिलेली पन्नास नावं तिला चिकटवली गेली.

तुमच्या सोसायटीतही असा एखादा सर असेल आणि जिन्यात तुम्हाला अडवून नाव मागेल. कृपा करून सुचवू नका. फी किती आणि उद्या सकाळी कितीला येता, एवढंच विचारा.