कपाटाचा कार्यभार : नवनियुक्त गुरुजींस काही सूचना

भंडारा जिल्ह्यातील साकोली तालुक्यात एकोडी नावाचे जे धानकऱ्यांचे गाव आहे, तेथे सेवानिवृत्तीनंतर ओसरीवर बसून, पूर्वाश्रमीच्या एका शाळेत (जिचे नाव व गाव कोणी शपथेवर विचारले तरी मी सांगणार नाही) एका तपाहून अधिक काळ वाहिलेल्या ग्रंथालयाच्या कार्यभाराचे सार पुढील पिढीच्या हवाली करावे, अशा निखळ परोपकारी हेतूने प्रस्तुत सूचना लिहिल्या आहेत. ग्रंथपालाचे पद पटसंख्या पाहून मंजूर होत असल्यामुळे आणि खेड्यातील पट त्या आकड्यापर्यंत सहसा पोहोचत नसल्यामुळे, हा कार्यभार ज्या शिक्षकाचे अक्षर बरे आणि स्वभाव नकार देण्यास असमर्थ असतो त्याच्याकडे आपोआप चालत येतो. तेव्हा आपली निवड झाली असल्यास तिचे कारण शोधण्यात कालापव्यय करू नये.

कलम १ : कार्यभार स्वीकारणे

ग्रंथालय म्हणजे काय, याविषयी प्रथम निःसंदिग्ध कल्पना असावी. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या परिशिष्टाने प्रत्येक शाळेस ग्रंथालय आवश्यक ठरविले आहे, आणि त्यात वर्तमानपत्रे, नियतकालिके व गोष्टींच्या पुस्तकांसह सर्व विषयांची पुस्तके असावीत असेही बजावले आहे. मात्र ते किती चौरस फुटांचे असावे याविषयी कायदा मौन बाळगतो, आणि त्या मौनाचा यथोचित लाभ घेऊन आपल्या पूर्वसूरींनी ते मुख्याध्यापकांच्या खोलीत, घड्याळाखाली, एका लोखंडी कपाटात वसविले आहे. या कपाटाचे डावे दार अर्ध्यावर अडते, आणि उजव्या दाराला खालून गुडघ्याचा किंचित रेटा दिल्याखेरीज कुलूप लागत नाही. ही गुडघ्याची विद्या कोणत्याही परिपत्रकात ग्रथित नसून, ती कार्यभार देणाऱ्याने घेणाऱ्यास प्रत्यक्ष करून दाखवावयाची असते. किल्ली एकच असते. दुसरी कोठे आहे, याचा तपास चालू असल्याचे प्रत्येक हस्तांतरणाच्या वेळी सांगण्यात येते.

पुस्तके मोजून घ्यावीत. मोजून म्हणजे क्रमांकाने, मजकुराने नव्हे. कारण मजकुराकडे एकदा लक्ष गेले की मोजणी दोन-दोन दिवस तहकूब राहते, असा अनुभव आहे. मोजताना एक सूत्र मनात दृढ करून ठेवावे : हरवलेल्या पुस्तकाची किंमत कार्यभारधारकाकडून वसूल होते, परंतु न वाचलेल्या पुस्तकाची किंमत आजवर कोणाच्याही पगारातून कापल्याचे ऐकिवात नाही. पुढील सर्व शास्त्र हे या एका सूत्राचे भाष्य होय.

कलम २ : ग्रंथनिवड

अज्ञ जन समजतात की पुस्तके निवडावयाची म्हणजे ती वाचावी, मुलांस विचारावे, दुकानात जाऊन चाळून पाहावी. वस्तुतः निवड पंचांगाने होते. समग्र शिक्षा योजनेत शाळेच्या स्तराप्रमाणे पाच हजारांपासून वीस हजारांपर्यंत ग्रंथालय-अनुदानाची तरतूद आहे. ते अनुदान बहुधा अशा मुहूर्तावर हाती पडते की शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव, तीन दरपत्रके, त्यांचा तुलनात्मक तक्ता, खरेदी, दाखल नोंद आणि विनियोग दाखला हे सारे ३१ मार्चच्या सायंकाळपूर्वी उरकावे लागते. अशा समयी पुस्तकांचा विक्रेता पुढील सोय करतो. तो बांधलेला गठ्ठाच आणतो, आणि गठ्ठ्यावर बिलाइतकीच नेमकी रक्कम लिहिलेली असते. साहित्याची इतकी अचूक किंमत समीक्षकांनाही कधी करता आलेली नाही.

तथापि, निवडीस अवसर मिळालाच, तर पुढील तत्त्वे पाळावीत.

(अ) जाडी. पाच हजार रुपयांत पातळ पुस्तके शंभर येतात, आणि शंभर पुस्तके म्हणजे शंभर नोंदी, शंभर शिक्के व हरवण्याचे शंभर प्रसंग. जाड पुस्तके दहा-पंधरांत आटोपतात. या दृष्टीने, ज्याचा पहिला खंड १९७६ साली प्रसिद्ध झाला त्या मराठी विश्वकोशास तोड नाही. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांनी वाईस बसून ज्ञानाची जी पायाभरणी केली, तिचे अनेक गुण पंडितांनी सांगितले आहेत. परंतु तिचा एकही खंड विद्यार्थ्याच्या चड्डीच्या खिशात मावत नाही, या प्रशासकीय गुणाकडे त्यांचे दुर्लक्ष झालेले दिसते.

(आ) चरित्रे. एकाच महापुरुषाची चार चरित्रे घ्यावीत. तीन उरतात, ती भाषणस्पर्धेच्या पारितोषिकांच्या कामी येतात.

(इ) दूरत्व. ज्या प्रदेशाविषयी पुस्तक असेल, तो वाचकाच्या घरापासून जितका दूर, तितके ते निर्धोक. पुण्यातील वाडा, कोकणातील समुद्र, युरोपातील बर्फ ही सर्वथा सुरक्षित आहेत. याउलट मारुती चितमपल्ली यांच्यासारखा वनाधिकारी, जो नवेगावबांधच्या तलावाकाठी वर्षे काढतो, तेथील पाखरांची, झाडांची व माणसांची बोली शिकतो आणि ती पुस्तकात आणतो, तो शाळेच्या शिस्तीस घातक समजावा. नवेगाव आणि नागझिरा ही साकोलीच्या मुलखातली राने आहेत. मुलाने असले पुस्तक वाचले की ते पडताळून पाहण्यासाठी मूल थेट बोडीवर, म्हणजे शेताकडच्या लहानशा तळ्यावर, जाते, आणि जे ज्ञान पडताळून पाहता येते त्यावर प्रश्न कसे काढावेत हे अद्याप कोणासही उमगलेले नाही.

(ई) देणगी. गावातील एखादे सद्गृहस्थ घराची डागडुजी करताना पुस्तके दान करतात, त्यांचा स्वीकार छायाचित्रासह करावा. १९९९ साली गोंदिया जिल्हा वेगळा झाल्यावरही त्यास भंडाऱ्यातच ठेवणारी स्पर्धापरीक्षा-मार्गदर्शके या मार्गाने येतात. ती इतिहास या विषयाखाली दाखल करावीत.

कलम ३ : दाखल करणे

आलेल्या पुस्तकास दाखल क्रमांक द्यावा, आणि जांभळ्या शाईचा शिक्का मुखपृष्ठाच्या आतील बाजूस, शेवटच्या पानावर व एका गुप्त पृष्ठावर मारावा. हे गुप्त पृष्ठ प्रत्येक ग्रंथालयाचे ठरलेले असते व चोराला ते ठाऊक नसते, असे समजण्याची प्रथा आहे. आमचे गुप्त पृष्ठ पंचवीस होते; त्या पानावर पुष्कळदा चित्र येई, आणि शाळेच्या नावाखालून डोकावणारा अर्धा हत्ती पाहून सातवीपर्यंतची सारी मुले ते गुपित जाणून होती. वर्गीकरणासाठी अमेरिकेतील मेल्विल ड्यूई यांनी १८७६ साली प्रसिद्ध केलेली दशांश पद्धती आहे. तिच्यात मराठी साहित्याचा क्रमांक ८९१.४६ असा आहे. आपल्या सगळ्या संतांना, कादंबरीकारांना व बालकवींना दशांश चिन्हापलीकडील दोन आकड्यांत निवास मिळालेला पाहून प्रथम मन खिन्न होते; नंतर, कपाटातील खण एकूण चारच आहेत हे स्मरून, ते शांत होते. पुस्तके उंचीप्रमाणे लावावीत.

कलम ४ : वितरण

येथे नवखा शिक्षक चुकतो. एस. आर. रंगनाथन नामक मद्रासकडील गणिताच्या प्राध्यापकाने ग्रंथपाल झाल्यावर १९३१ साली ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम सिद्ध केले, आणि त्यांतल्या पहिल्याच नियमात ग्रंथांचे प्रयोजन उपयोग हेच ठरवून टाकले. गृहस्थ थोर होते, यात संदेह नाही; परंतु त्यांच्याकडे कपाटाचा वैयक्तिक चार्ज नसावा.

मागणी थेट नाकारू नये. तिला योग्य वेळ दाखवावी. वेळापत्रकात ग्रंथालयाची तासिका शनिवारची शेवटची ठेवावी, म्हणजे ती सभेस, कवायतीस किंवा गणिताच्या उरलेल्या प्रकरणास सहज अर्पण करता येते. पावसाळ्यात रोवणीमुळे वर्गाचा पट तसाही विरळ असतो. पुस्तके वाटण्याचा उत्साह आवरत नसेल, तर तो त्या दिवसांत पुरवून घ्यावा. कोणी पोरगी दारात उभी राहून, एक पाय दुसऱ्या पायावर ठेवून, ‘सर, हे पुस्तक घरी नेऊ का जी?’ असे विचारील. तिला ‘आधी हात धुऊन ये’ असे सांगावे. ती धुऊन येते. तिचे ओले हात पाहून, ओल्या हातांनी पुस्तक खराब होते, असे ममतेने समजावावे. १९७१ पासून बालभारती जे ‘किशोर’ मासिक काढते, त्याचे अंक शिक्षकांच्या खोलीत राहू द्यावेत. त्यातली कोडी प्रौढांसही सुटतात.

वर्षातून एक दिवस मात्र कपाट पूर्णतः उघडावयाचे असते. तो १५ ऑक्टोबर. डॉ. अब्दुल कलाम यांचा हा जन्मदिवस आपल्या राज्यात २०१५ पासून वाचन प्रेरणा दिन म्हणून पाळला जातो. त्या दिवशी पुस्तके बाकांवर मांडावीत, प्रत्येक मुलाच्या हाती एकेक द्यावे, पुस्तक सरळ धरले आहे ना हे पाहावे, छायाचित्र वरिष्ठांस पाठवावे, आणि ते पोहोचल्याची खूण उमटताच पुस्तके मोजून परत घ्यावीत. एखादा मुलगा पुस्तक न देता ‘थोडंसंच राह्यलं जी’ म्हणत पाने भराभर उलटू लागला, तर घाबरू नये. असे प्रसंग क्वचित येतात.

साठवणुकीच्या बाबतीत आमच्या भागाची एक जुनी परंपरा मात्र विद्यार्थ्यांपासून दडवून ठेवावी. कोहळी मंडळींनी या मुलखात जागोजाग तलाव बांधले. पुढे ते मालगुजारांच्या ताब्यात राहिले, आणि १९५० च्या कायद्याने मालगुजारी संपल्यावर सरकारजमा होऊन, ‘माजी मालगुजारी’ या लांबलचक नावाचे लोकांनी जे लाडके लघुरूप केले त्यानुसार, ‘मामा तलाव’ झाले. या तलावांच्या पाण्याची पाळी पाणकर राखीत असे : आज कोणाची बांधी, उद्या कोणाची, पाट कोठे फोडावयाचा, कोठे बुजवावयाचा. धान करपत असताना तलाव काठोकाठ भरलेला ठेवला, म्हणून गावाने पाणकराचा सत्कार केल्याचे उदाहरण नाही. सुदैवाने शालेय ग्रंथालयांची तपासणी करणाऱ्यांमध्ये पाणकराचा समावेश नसतो. तपासणीत भरलेला तलावच पाहतात, आणि ‘पुस्तके सुस्थितीत आढळली’ असा शेरा देतात. माझ्या काळात असे नऊ शेरे मिळाले. ते सारे नोंदवहीच्या आरंभी चिकटविलेले आढळतील.

कलम ५ : नाश, निर्लेखन व हरवणे

पुस्तकांस जो बारीक चंदेरी किडा लागतो त्यास कसर म्हणतात. पुस्तकांच्या संरक्षणात आम्ही कोणतीही कसर ठेवली नाही असे मी अहवालात लिहिले, तेव्हा पहिल्या खणातील परिस्थितीमुळे ते विधान अक्षरशः खरे नव्हते, हे येथे कबूल केले पाहिजे. अशा पुस्तकांचे निर्लेखन समितीच्या ठरावाने होते. १९८७ नंतर खडू-फळा मोहिमेत आलेली काही पुस्तके मी निर्लेखनासाठी काढली, तेव्हा त्यांची पाने एकमेकांना चिकटलेली होती; ती पट्टीने कापून मोकळी केली, आणि कागदाने प्रथमच वारा घेतला.

आता हरवण्याविषयी, आणि येथे माझ्या निष्कलंक सेवेतील एकमेव कसुरीची कैफियत देणे प्राप्त आहे. एका मार्चच्या गठ्ठ्यात, कलम २ (इ) चा उघड भंग करून, चितमपल्लींचे एक पुस्तक आले. त्यास २१४ हा दाखल क्रमांक मिळाला. आठवडाभराने शिक्षकदिनाच्या तालमीच्या गडबडीत नव्हे, परीक्षेच्या गडबडीतही नव्हे, तर मी स्वतः किल्ली कुलपातच विसरून घंटा द्यावयास गेलो असता, ते नाहीसे झाले. शोध केला, वर्गावर्गांत तगादा लावला, शेवटी नियमाप्रमाणे किंमत भरली, आणि शेऱ्याच्या रकान्यात लाल शाईने ‘हरवले’ असे लिहिले.

पुढे काही वर्षांनी दिवाळीनंतरच्या मंडईला, रात्री नाटक पाहावयाचे म्हणून, शेजारच्या गावी एका माजी विद्यार्थ्याच्या घरी उतरलो. चहा येईपर्यंत नजर कोनाड्याकडे गेली. दिव्याच्या शेजारी, खताच्या पिशवीचे वेष्टन घातलेले, कोपरे गोल झालेले एक पुस्तक होते. पंचविसावे पान उघडले. जांभळा शिक्का होता. पानापानांच्या कडेला पेन्सिलीने टिपणे होती, आणि अक्षर तीन हातांचे होते, बहुधा थोरल्यापासून धाकट्या बहिणीपर्यंत आलेले. एका पाखराच्या नावापुढे आमच्याकडचे नाव लिहिले होते. दुसऱ्यापुढे, ‘पाहिला. आपल्या बोडीवर. दोन होते.’ आणि खाली, निराळ्या अक्षरात : ‘तीन. एक चिखलात होता.’

घरधनी चहा घेऊन आला, तेव्हा पुस्तक पूर्ववत कोनाड्यात होते. परत नेण्याचा विचार मी केला नाही असे नाही. परंतु नोंदवहीत हरवलेल्या पुस्तकासाठी रकाना आहे, फाटलेल्यासाठी आहे, निर्लेखितासाठी आहे, वाचून झालेल्यासाठी नाही, आणि रकाना नसताना नोंद करणे हे माझ्या तत्त्वात बसत नव्हते.

तेव्हा कार्यभार यादीवर सही करण्यापूर्वी नव्या गुरुजींनी एवढे लक्षात ठेवावे. कपाटाचे उजवे दार गुडघ्याने लावावे. किल्ली कुलपात कधी विसरावी, हे त्यांनी आपल्या मगदुराप्रमाणे ठरवावे. आणि तपासणीत दाखल क्रमांक २१४ विषयी विचारणा झाल्यास, ते हरवले असेच सांगावे. पैसे भरलेले आहेत. पावती फायलीत आहे.