गाडी 'लाइकली' आहे

धुळ्यात स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासिका संख्येने पानटपऱ्यांच्या खालोखाल असाव्यात. तिथे दबक्या आवाजात वाद चालतो: 'इट मे रेन' की 'इट इज लाइकली टू रेन'? पुस्तक सांगते, दोन्ही बरोबर, दुसऱ्यात खात्री जरा जास्त. पण उत्तरपत्रिकेत गोल एकच काळा करायचा असतो.

खात्री मोजायची कशी? हवामान खाते मोजते. त्यांच्या लेखी 'लाइकली' म्हणजे 26 ते 50 टक्के, 'व्हेरी लाइकली' 51 ते 75, त्यावर 'मोस्ट लाइकली'. म्हणजे नुसत्या 'लाइकली'त पाऊस न पडण्याचेच पारडे जड! कपाशीची धूळपेरणी करून बसलेल्या शिंदखेड्याच्या शेतकऱ्याला हे कोष्टक न वाचताच पाठ असते. अंदाज ऐकून तो एवढेच म्हणतो, "पानीना काय भरोसा शे, भाऊ!"

मला वाटते, हे शब्द पावसाला मोजतच नाहीत. बोलणाऱ्याचे त्यात किती गुंतले आहे, ते मोजतात. 'मे' म्हणणारा हात झटकून मोकळा. 'माइट'वाला तर हातच लावत नाही. 'लाइकली'वाला निदान अंगणात येऊन आभाळ बघून गेलेला असतो. आणि 'बाउंड टू' म्हणणाऱ्याने बियाणे उधारीवर आणलेले असते. आपल्याकडे हे घरोघरी कळते. "मामा येतील" म्हटल्यावर कोणी उठत नाही. "मामा येणार आहेत" म्हटले की वांगी भाजायला जातात आणि कळण्याच्या भाकरीचे पीठ काढले जाते. इंग्रजीतले 'विल' मात्र दोन्हीकडे चालते, आणि सरकारला तेच फार आवडते.

मनमाड-इंदूर रेल्वेचेच बघा. चाळीसगावहून आलेला फाटा धुळ्यात येऊन संपतो. पुढे रूळच नाहीत. प्रचारसभांमधून मात्र इंदूरची गाडी धुळ्यावरून कित्येकदा धावून गेली. अखेर 2 सप्टेंबर 2024 ला केंद्रीय मंत्रिमंडळाने 309 किलोमीटरच्या या मार्गाला मंजुरी दिली. खर्च 18,036 कोटी, मुदत 2028-29. पत्रकात 'मे' नाही, 'लाइकली' नाही. थेट 'विल बी कम्प्लिटेड'.

ओळखीचे एक निवृत्त इंग्रजीचे सर आहेत. पेढे वाटले गेले त्या दिवशी त्यांनी पेढा घेतला, पण 'विल' काही मान्य केले नाही. त्यांचा हिशेब वेगळा. मंजुरी मिळाली, म्हणजे 'मे'. जमिनीचा मोबदला खात्यात जमा झाला की 'लाइकली'. भराव पडला की 'गोइंग टू'. रूळ जोडले गेले की 'बाउंड टू'. आणि 'विल' हा शब्द हातात तिकीट पडल्याशिवाय तोंडातून काढायचा नाही.

तिकीट वेटिंगचे निघाले, तर पुन्हा 'माइट'.