काकांचा जमाखर्च

बँकेतून स्वेच्छानिवृत्ती घेतल्यावर काकांनी साखर सोडली आणि सायकल धरली. साखर महिन्याभरात परत आली. सायकल गेली नाही.

पुण्यात गल्लोगल्ली सायकली होत्या, तेव्हा हेच काका ‘स्कूटर घ्या’ म्हणून वडिलांच्या मागे लागले होते. आता स्कूटरच्या किमतीची सायकल घेऊन दर रविवारी पहाटे कात्रजच्या जुन्या घाटात स्वखुशीने धापा टाकतात. कपडे इतके घट्ट, की सोसायटीचा वॉचमन सलाम करताना आभाळाकडे बघतो.

बँकेची सवय मात्र सुटलेली नाही. जमेच्या बाजूला जुन्या बोगद्यापलीकडचा शिंदेवाडीपर्यंतचा उतार, पावसाळ्यातलं धुकं आणि खेड शिवापूरचा चहा. खर्चाच्या बाजूला पुन्हा तोच उतार, कारण परतताना तो चढावा लागतो, तोही उन्हात. वारा काकांना जातानाही समोरून लागतो आणि येतानाही.

पण सांगताना ऐकावं! उतार दोन शब्दांत उरकतो: ‘मस्त सुटलो.’ पंक्चर पाऊण तास चालतं. हायवेवरच्या पंक्चरवाल्याने ट्यूबचा तो प्रेस्टा व्हॉल्व बघितला, कॉम्प्रेसरची नळी लावून पाहिली, काढली आणि विचारलं, ‘‘काका, याला हवा भरायची कुठनं?’’ त्यासाठी लागणारा बोटाच्या पेराएवढा अडॅप्टर घरी कपाटात, डबीत, सुखरूप होता.

पेडलमध्ये अडकणारे क्लीटचे बूट घेतले त्याच आठवड्यात धनकवडीच्या सिग्नलला काका उभ्याउभ्या आडवे झाले. टाच बाहेर फिरवली की पाय सुटतो, हे डोक्याला पाठ होतं. टाचेला कुणी सांगितलं नव्हतं. शेजारचा रिक्षावाला म्हणाला, ‘‘स्टँड लावायचा राहिला का?’’ हे वाक्य काका स्वतःच सांगतात, दर वेळी थोडं सुधारून.

मग ब्रेव्हे, म्हणजे मुदतीत पुरी करायची लांब सायकलफेरी: दोनशे किलोमीटर, मुदत साडेतेरा तास. खंबाटकी चढताना सायकल विकायचं ठरलं. ‘फार कमी वापरलेली’ इथपर्यंत जाहिरातही मनात जुळली. मुदतीला काही मिनिटं उरली असताना काका पोहोचले. पैसे भरून मेडल मागवलं आणि तीनशेला नाव घातलं. काकूंनी फक्त विचारलं, ‘‘तीनशेचं मेडल दीडपट मोठं असतं का?’’

परवाचा रविवार विलक्षण गेला. ना पंक्चर, ना पाऊस, ना कुत्रं मागे लागलं. कधी नव्हे तो येताना वाराही पाठीशी. मिसळीच्या टेबलावर सगळे आपापली रडगाणी गात होते आणि काका गप्प. ‘‘बरी झाली,’’ एवढंच म्हणाले. तर्रीसुद्धा दुसऱ्यांदा मागितली नाही.

संध्याकाळी त्यांचा फोन आला. आवाजात उत्साह मावत नव्हता.

‘‘अरे, मागच्या चाकातून कटकट असा आवाज येतोय. ऐकायला येतोस?’’