पोच

आमच्या आजीच्या लेखी जगात दोनच प्रकारची माणसं होती, पोच असलेली आणि पोच नसलेली. पाहुणा पानावर बसलेला असताना वांग्यांचा भाव सांगणारा, तो पोच नसलेला. मयताच्या घरून निघताना 'येतो' न म्हणता नुसता उठणारा, तो पोच असलेला. ही पोच शाळेत शिकवत नाहीत, बाजारात मिळत नाही आणि शेजारणीकडून वाटीभर उसनी आणता येत नाही, असं ती सांगायची. त्यामुळे 1992 साली, कॉलेजात असताना, पिंपळगाव बसवंतला आग्रा रोडवरच्या एका ट्रान्सपोर्टच्या गाळ्यात मी बिल्ट्या लिहायला लागलो आणि पहिल्याच सकाळी गाळ्याचे मालक अण्णा एका धिप्पाड ड्रायव्हरला म्हणाले, "आधी पोच दाखव, मग बाकी माग," तेव्हा मी जागच्या जागी आक्रसलो. एवढ्या मोठ्या माणसाची चारचौघांत अशी अक्कल काढायची? ड्रायव्हरला त्याचं काहीच वाटलं नाही. त्यानं बंडीच्या खिशातून चार घड्या घातलेला एक कागद काढला आणि तो बाकावर, बाळंतिणीनं बाळ ठेवावं तसा, हलक्या हातानं ठेवला. दिल्लीच्या आझादपूर मंडीतल्या आडत्याची सही, जांभळा शिक्का आणि कुठल्याशा ढाब्यावरचा चहाचा गोल डाग. माल पोचला, एवढंच सांगणारा तो कागद म्हणजे पोच. आजीच्या पोचेला शिक्का नसतो, एवढाच काय तो फरक, असं मी तेव्हा मनाशी ठरवून टाकलं.

त्या गाळ्याचा व्यवहार समजायला मला पंधरा दिवस लागले. व्यापाऱ्याकडे कांदा होता, गाडी नव्हती. ड्रायव्हरकडे गाडी होती, कांदा नव्हता. अण्णांकडे गाडीही नव्हती आणि कांदाही नव्हता. त्यांच्याकडे एक काळा टेलिफोन, एक लाकडी बाक, लाल कापडी बांधणीची खतावणी आणि सगळ्यांचे स्वभाव लक्षात ठेवणारं डोकं होतं. एवढ्या भांडवलावर ते गाड्यामागून गाड्या उत्तरेला रवाना करायचे आणि भाड्यातून आपली दलाली कापून घ्यायचे. देवळातला गुरव देवही नसतो आणि भक्तही नसतो, पण त्याच्यावाचून नैवेद्य काही पुढं सरकत नाही. तसं अण्णांचं होतं. ड्रायव्हर मंडळी त्यांना माघारी 'दलाल' म्हणत आणि समोर 'शेठ'. अण्णा ड्रायव्हरांना माघारी 'ही जमात' म्हणत आणि समोर 'राजे'. माघारी काय म्हणतात हे दोन्हीकडे पक्कं ठाऊक होतं, आणि ते ठाऊक असल्याचं कुणी दाखवत नव्हतं. संसारही बहुधा असेच चालतात.

या दरबारात तात्या नावाचे एक मानकरी होते. पाथर्डीकडचे, मिशा पिकत चाललेल्या, गाडी स्वतःची, म्हणजे पुढची चाकं स्वतःची आणि मागची अजून फायनान्सवाल्याची. त्यांच्या आणि अण्णांच्या संभाषणावरून मला पंचांग न बघता महिना ओळखता यायचा. दिवाळी उलटली की लाल कांद्याचा लोंढा बाजारात येई. हा कांदा मोठा नाशिवंत. सकाळी लिलाव झाला की संध्याकाळी तो रस्त्याला लागलेला बरा. अशा वेळी गाड्या कमी पडत, आणि अण्णांच्या तोंडी "तात्या, तुम्ही आलात, देव पावला, अरे तात्यांना स्पेशल चहा सांग" अशी मधाची धार लागे. पावसाळ्यात मात्र उन्हाळ कांदा चाळीत भावाची वाट पाहत पडून राही, गाड्या गाळ्यासमोर कांद्याची वाट पाहत उभ्या राहत, आणि अण्णा खतावणीतून मान वर न काढता म्हणत, "नंबर लाव, बघू." 'तुम्ही'पासून 'तू'पर्यंतचं हे अंतर वर्षातून एकदा जायचं आणि एकदा यायचं, पंढरीच्या वाटेसारखं. तात्यांना त्याचा राग नव्हता. त्यांचंही तसंच होतं. गाड्यांची टंचाई असली की ते तीन हाका मारूनही ऐकू न आल्यासारखे टायरवर हातोडी मारून हवा बघत बसायचे. मंदीत गाळ्यातल्या गणपतीच्या तसबिरीला हार घालायचे.

भाडं ठरलं, ताडपत्री चढली, रस्से आवळले, मोठी रक्कम अॅडव्हान्स म्हणून मोजून झाली, की नात्याचा दुसरा अध्याय सुरू होई. तो सगळा टेलिफोनवर. आपल्या भाषेत गाडी अडकून पडली की 'गाडीची खोटी झाली' म्हणतात. हा 'खोटी' शब्द आणि त्याच्या शेजारीच राहणारं 'खोटं', यांचं काय नातं आहे ते व्याकरणवाले जाणोत. मी ज्या गाळ्यात बसत होतो तिथं ती सख्खी भावंडं होती. भरायला चार तास लागणार असले तरी अण्णा सांगत, "दहा मिनिटांत गाडी सुटते." आणि तात्या शिरपूरच्या ढाब्यावर बाजेवर पडल्या पडल्या एसटीडी बूथवाल्या पोराकडून निरोप देत, "सेंधवा सोडलं." मध्ये अख्खा बिजासनचा घाट होता, त्यातलं देवीचं देऊळ होतं, आणि देवीला नारळ फोडल्याशिवाय तात्या पुढं जाणारच नव्हते, हे अण्णांना माहीत असायचं. तरी ते व्यापाऱ्याला फोन करून सांगत, "गाडी इंदूरच्या अलीकडं आहे." व्यापारी आझादपूरला कळवी, "देवास पार झालं." अशा रीतीनं पिंपळगाव ते दिल्ली या 1,200 किलोमीटरांहून लांब रस्त्यावर तात्यांच्या गाडीच्या दोन मुक्काम पुढं आणखी एक गाडी धावत असायची. ती कधी पंक्चर होत नसे, तिला डिझेल लागत नसे, आणि ती नेहमी वेळेवर पोचायची. आझादपूरचा आडत्याही अनुभवी. तो त्या दुसऱ्या गाडीच्या वेळेत दोन दिवस मिळवायचा आणि मगच हमालांना बोलवायचा. कुणी कुणाला फसवत नव्हतं. सगळे मिळून एका काळजीला थोपटत होते.

हे सगळं आजचं नाही. ट्रकच्या आधी आपल्याकडे हुंडेकरी होते. मालाची वाहतूक अंगावर घ्यायची, वाटेतल्या जकातींसकट एकच रक्कम ठरवायची, आणि मग बैल, घाट, नाकेवाले यांचं जे होईल ते आपलं म्हणायचं, असा त्यांचा धंदा. आज ते आडनाव तेवढं उरलं आहे. पश्चिम किनाऱ्यावरच्या समुद्री व्यापारात जोखमी हुंडी असायची. माल सुखरूप पोचला तरच तिचे पैसे, जहाज बुडालं तर हुंडीही बुडाली. एका कागदात उधारीही आणि विमाही. मी बिल्ट्या लिहीत होतो तेव्हा देशात मालवाहूंसाठी 1865 चा कायदा चालू होता. त्याच्या जागी नवा आला तो 2007 मध्ये. पण त्या पिवळट कागदावर सगळ्यांत ठळक काही असेल तर कोपऱ्यातला इंग्रजी शिक्का. एकदा तात्यांनी त्याचा अर्थ विचारला. मी सांगितलं, "माल मालकाच्या जोखमीवर." त्यांनी बोट आकाशाकडं केलं आणि समाधानानं म्हणाले, "मग काय, बरोबरच लिवलंय." तेव्हापासून बिल्टी हा मला थोडा धार्मिक कागद वाटू लागला.

भांडणं व्हायची, आणि ती 'तुटी'वर व्हायची. कांदा वाटेत सुकतो, गोणी हलकी होते, दिल्लीचा काटा पिंपळगावच्या काट्याशी कधीच सहमत नसतो. व्यापारी तूट अण्णांच्या माथी मारी, अण्णा ती तात्यांच्या बाकीतून कापत. "कांदा काय मी खाल्ला वाटेत?" असं तात्या ओरडत. "पुन्हा या ओट्यावर पाय ठेवला तर मिशी उतरवीन!" ती मिशी मी दोन वर्षांत निदान आठ वेळा उतरताना ऐकली आणि दर पंधरवड्यानं, थोडी आणखी पिकलेली, चहाच्या कपावर पुन्हा पाहिली. 1994 च्या पावसाळ्यात मात्र वेगळंच घडलं. माल पोचल्याचा दिल्लीहून फोन आला, पण परतलेल्या तात्यांकडं पोच नव्हती. शिवपुरीच्या पुढं पावसात गेली, म्हणाले. पोच नाही तर बाकी नाही, अण्णा म्हणाले. बाकी होती 340 रुपये. भांडण झालं नाही, याचंच मला नवल वाटलं. त्या दिवाळीला लक्ष्मीपूजनानंतर नव्या खतावणीत 'श्री' काढून झाल्यावर अण्णांनी मला पहिली ओळ सांगितली: तात्या, पोच येणे, रुपये 340 देणे. मी लिहिली. त्यानंतर माझी नोकरी लागली, गाव सुटलं. पुढं कधी दिवाळीत गेलो की नवी वही उघडून बघायचो. अक्षर अण्णांचं झालेलं, नंतर थरथरतं झालेलं, ओळ तीच. तीनशे चाळीस रुपयांत पूर्वी काय यायचं नि आता काय येतं, याचा अण्णांनी कधी हिशेब केला नाही. एरवी आण्याआण्यासाठी व्यापाऱ्याचा जीव खाणारा हा माणूस ती एक ओळ वर्षानुवर्षं, कुळाचार असावा तशी, पुढं नेत राहिला.

आता गाळा अण्णांचा मुलगा बघतो. 2018 पासून ई-वे बिल आलं, 2021 मध्ये फास्टॅग सक्तीचा झाला, गाडीत यंत्र बसलं, आणि नकाशावर एक निळा ठिपका सरकताना दिसू लागला. शिरपूरला बाजेवर पडून सेंधवा सोडता येत नाही आता. पोच म्हणजे मोबाईलवर येणारा फोटो. चहाचा डाग असला तरी त्याला हात लावून बघता येत नाही. मुलगा हुशार आहे, बाकी त्याच दिवशी खात्यावर टाकतो, तूट दोघांनी आधीच ठरवलेली असते. त्याच्या ड्रायव्हरांना तो कधी 'राजे' म्हणत नाही आणि माघारी 'ही जमात'ही म्हणत नाही. बऱ्याच जणांचा चेहरा त्यानं पाहिलेला नाही. सगळं चोख आहे. गाळ्यातला बाक काढून टाकला, कारण त्यावर बसून कुणी वाट बघत नाही.

गेल्या वर्षी अण्णा गेले. भेटायला गेलो तर ओसरीच्या खांबाला टेकून तात्या बसलेले. मिशी पूर्ण पांढरी, गाडी कधीच विकलेली, एका डोळ्यात मोतीबिंदू. पाथर्डीहून एसटीनं दोनदा गाडी बदलून आले होते. फार कुणी बोलत नव्हतं. मुलानं वडिलांचं देणंघेणं मिटवायला घेतलं होतं, तो आतून खतावणी घेऊन आला आणि आदरानं म्हणाला, "तात्या, अण्णांच्या वहीत तुमचे तीनशे चाळीस निघतात. पोच राहू द्या, मी देतो." तात्यांचा हात नकळत सदऱ्याच्या खिशाकडं गेला. खिशातून एका प्लॅस्टिकच्या पिशवीचं टोक बाहेर आलं. आत चार घड्यांचा पिवळा कागद होता आणि जांभळ्या शाईची एक कड. मी पाहिलं. त्यांनी मी पाहिल्याचं पाहिलं. पिशवी हळूच पुन्हा आत गेली.

"नको," ते मुलाला म्हणाले. "पोच अजून सापडली नाही. सापडली की आणून देतो. तवर राहू दे वहीत."

मग त्यांनी काठी घेतली, अण्णांच्या फोटोकडं एकदा बघितलं, आणि काही न म्हणता उठले.