उपनगर कसं दाखवावं: नवशिक्यांसाठी

आधी एक पाहुणा मिळवा. पाहुण्याशिवाय उपनगर बघता येत नाही. आम्ही पिढ्यान्‌पिढ्या अंधेरीकर. 'महाकाली केव्ह्ज रोड' हे शब्द लाइट बिलापासून लग्नपत्रिकेपर्यंत सगळीकडे लिहीत आलो. पण त्या रस्त्याला खरोखरच लेणी आहेत, हे कऱ्हाडहून मामा आले तेव्हा कळलं. चांगली १९ आहेत. नवव्या लेण्यात स्तूपाभोवती दगडातच कोरलेली गोल खोली, आणि तिला दगडाच्याच जाळ्या. मामा म्हणाले, "अरे, एवढं दाराशी असून?" अशा वेळी वाद घालू नये. ऑफिस, लोकल, गर्दी एवढे तीन शब्द पुटपुटावेत. गावाकडची माणसं तेवढ्यावर गप्प बसतात, वर कीवही करतात.

पाहुणा जुहू, सिद्धिविनायक आणि अमिताभचा बंगला असा बेत घेऊन येतो. मोडता घालू नका. बंगल्याच्या फाटकासमोर भर दुपारी अर्धा तास उभा राहिला, की तो काहीही बघायला तयार होतो. तेव्हा त्याला गिल्बर्ट हिलला न्या.

रिक्षावाल्याला भूगर्भशास्त्र सांगू नका. 'साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा' म्हणालात तर तो मान हलवून पुढे निघून जाईल. 'गावदेवीचं देऊळ' म्हणा. बोळातून चालत, वाळत घातलेल्या चादरींखालून वाकत गेलात की अचानक सुमारे २०० फुटांची काळी भिंत अंगावर येते. हात लावून बघा. लांबून एकसंध दिसणारा हा खडक जवळून उभ्या खांबांचा आहे. उदबत्तीचा पुडा उभा ठेवावा तसा. लाव्हा थंड होताना आकसला आणि उभा तडकत गेला. असाच खांबाखांबांचा एक डोंगर अमेरिकेत आहे, डेव्हिल्स टॉवर. त्यांनी १९०६ मध्ये त्याला आपलं पहिलं राष्ट्रीय स्मारक केलं. आपण तरी कुठे मागे राहिलो? १९५२ मध्ये गिल्बर्ट हिलला थेट राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा दिला. फक्त आजूबाजूचा दगड खाणीत गेला, आणि उद्यान म्हणून उरला तो हा एक खांब. २००७ मध्ये पालिकेने त्याला वारसा यादीतही घातलं. पायऱ्या चढून देवीला नमस्कार करा. पाहुण्याने "समुद्र कुठाय?" विचारलं तर पश्चिमेकडे बोट करा. दोन टॉवरच्या फटीत असतो.

बोरिवलीसाठी वेगळा दिवस ठेवा. मंडपेश्वरला समोरच्या मैदानात क्रिकेट चालू असतं. मिडविकेटवरून आत शिरा. शंकराची ही गुंफा. पोर्तुगीज आले तेव्हा तिचं चर्च झालं, मराठ्यांचं राज्य आल्यावर ते गेलं. नटराज आहे, डोक्यावर पडक्या भिंती आहेत, आणि एका ठिकाणी मूर्ती तासून त्याच दगडात कोरलेला मोठा क्रूस आहे. पाहुणा इथे मोठ्याने मत देऊ लागतो. त्याला गाभाऱ्यातल्या पिंडीकडे न्यावं आणि चपला सांभाळायला आपण बाहेर थांबावं.

एकसरचे वीरगळ मात्र घाईत बघू नका. माणसाहून उंच शिळा, एका रांगेत, आणि भोवती इमारती. वीरगळ लिफ्टसारखा खालून वर वाचायचा. तळमजल्यावर लढाई, मधे वीराला घ्यायला आलेल्या अप्सरा, सगळ्यात वर कैलास. बहुतेक वीरगळांवर घोडे आणि गाई असतात; इथे जहाजं आहेत! एका रांगेत नावा, बाजूने वल्ह्यांचे दांडे, पट्टीवर रेघा माराव्यात इतके सारखे. शिलाहार राजा सोमेश्वर आणि देवगिरीचा महादेव यादव यांच्यात १२६५ च्या सुमारास समुद्रावर जी लढाई झाली, ती हीच, असं काही अभ्यासक मानतात. मामा वल्ही मोजत बसले. दोनदा मोजली, दोन्ही वेळा आकडा वेगळा आला.

आता कान्हेरी. सोमवारी जाऊ नका, बंद असते (आम्ही सोमवारीच गेलो होतो). लेणी शंभराहून जास्त. सगळी दाखवायची प्रतिज्ञा करू नये. तिसऱ्या लेण्यातला प्रचंड चैत्य दाखवा, मग पाण्याची टाकी. लेण्यालेण्यापाशी खडकात टाकं, आणि पावसाचं पाणी त्यात आणणारे कोरीव पाट. भिक्षूंनी टँकर मागवल्याची नोंद नाही. सोसायटीच्या सेक्रेटरींना बरोबर न्यायला हरकत नाही, पण या टाक्यांपाशी त्यांच्याकडे बघू नका.

दम असेल तर ९० नंबरच्या लेण्यापर्यंत चढा. तिथे भिंतीवर पहलवी लिपीत काही नावं कोरलेली आहेत. इ. स. १००९ आणि १०२१ मध्ये लेणी बघायला आलेल्या पारशी मंडळींची. तारखेसकट, वडिलांच्या नावासकट. आज त्यांना अमूल्य शिलालेख म्हणतात. हे पाहुण्यांना सांगावं, पण सोबत आलेल्या चौदा वर्षांच्या भाच्याला ऐकू जाणार नाही अशा बेताने. ऐकू गेलंच, तर आधी त्याच्या हातातली घराची किल्ली काढून घ्या.