तंत्रस्नेही मॅडम

ज्याचं वय कमी त्याला मोबाइल जास्त कळतो, अशी आपल्याकडे एक पक्की समजूत आहे. बँकेच्या रांगेतले आजोबा, लग्नघरातल्या मावश्या आणि जिल्हा परिषद शाळांचे मुख्याध्यापक यांचं या एका मुद्द्यावर कधी दुमत होत नाही. सांगोला तालुक्यातल्या एका शाळेत मी शिक्षणसेवक म्हणून हजर झाले, तेव्हा आमच्या मुख्याध्यापक सरांनी माझी फाइल चाळली. डी.एल.एड., टीईटी, अभियोग्यता चाचणीचे गुण, पवित्र पोर्टलवरची शिफारस ही सगळी पानं भराभर उलटत ते जन्मतारखेपाशी थांबले. "बरं झालं," ते म्हणाले. "पाचवी ते सातवीचं इंग्रजी आता तुमच्याकडं. आणि ही घ्या टीव्हीची किल्ली."

टीव्हीला किल्ली असते हे मला तोवर माहीत नव्हतं.

संध्याकाळपर्यंत केंद्राच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर 'आमच्या शाळेस तंत्रस्नेही शिक्षिका लाभल्या' असा मजकूर माझ्या फोटोसकट झळकला. खाली अंगठे आणि जोडलेले हात यांची रांग लागली. तंत्रज्ञानाच्या नावाखाली मला प्रत्यक्षात येत होतं ते एवढंच: एसटीचं आरक्षण करणं, रील बघणं आणि फोन अडकला की बंद करून पुन्हा चालू करणं. पण अंगठा दाखवणाऱ्या इतक्या वडीलधाऱ्यांना नाही कसं म्हणणार?

त्यात नेमणूक सोलापूर जिल्ह्यात. दुसऱ्या एखाद्या जिल्ह्यातली शिक्षिका 'आमच्याकडे खेड्यात हे जमत नाही' असं म्हणून मोकळी होऊ शकते. आमच्याकडे ती सोय नाही. माढा तालुक्यातलं परितेवाडी आमच्याच जिल्ह्यात. तिथल्या जिल्हा परिषद शाळेच्या रणजितसिंह डिसले गुरुजींनी पाठ्यपुस्तकात क्यूआर कोड आणला, 2020 सालचं ग्लोबल टीचर प्राइझ मिळवलं आणि दहा लाख डॉलरच्या बक्षिसातली अर्धी रक्कम अंतिम फेरीतल्या बाकीच्या नऊ जणांना वाटून टाकली. एवढ्या मोठ्या माणसाशी आपली तुलना व्हावी हा मानच, पण ती शाळा व्यवस्थापन समितीच्या पहिल्याच बैठकीत व्हावी हे जरा लवकर झालं. एक पालक म्हणाले, "मॅडम, डिसले गुरुजींवानी काय तरी करा की." मी 'नक्की' म्हणाले. माझं मानधन तेव्हा सोळा हजार होतं. 2023 च्या आधी ते सहा हजारच होतं म्हणतात, म्हणजे तशी मी नशीबवानच. राज्यात पहिलीपासून इंग्रजी आलं ते 2000 साली आणि शिक्षणसेवक योजना आली तीही त्याच साली. इंग्रजी आल्या आल्या कायम झालं. शिक्षणसेवकाला मात्र तीन वर्षं थांबावं लागतं.

तर तो टीव्ही. लोकवर्गणीतून आलेला, मोठ्या पडद्याचा आणि प्लायवुडच्या कपाटात कुलपात ठेवलेला. कपाटाला वाळलेला झेंडूचा हार अजून लटकत होता, उद्घाटनाचा. कपाट उघडलं तर टीव्हीचा तीन पिनांचा जाडजूड प्लग आणि भिंतीवर दोन पिनांचं नाजूक सॉकेट. जाड प्लगाचं सॉकेट होतं, पण ते ऑफिसात, भिंतीच्या पलीकडे. टीव्हीची वायर खिडकीपर्यंत पोहोचत होती, त्यापुढे नाही.

मी इंग्रजीच्या तासाची टाचणं काढली होती त्यात उद्दिष्टं, शैक्षणिक साहित्य, मूल्यमापन सगळं होतं. प्लगाचं काही नव्हतं. मी सॉकेटकडे बघत उभी राहिले, तेव्हा सहावीतला एक किडकिडीत मुलगा उठला, न विचारता बाहेर गेला आणि घरून एक बोर्ड घेऊन आला. लाकडी, चिकटपट्टीने गुंडाळलेला, त्याला भलीमोठी लांब वायर. त्याच्या वडलांचं मोटारी भरायचं दुकान आहे. डाळिंबाच्या बागांचा मुलूख, त्यामुळे बोअरच्या मोटारी जळतच असतात. त्याने वायर खिडकीतून ऑफिसात सोडली, टेस्टर लावून बघितला आणि मला म्हणाला, "मॅडम, तुम्ही जरा बाजूला व्हा." माझ्या तंत्रस्नेही कारकिर्दीतलं हे पहिलं वाक्य.

टीव्ही लागला. निळा पडदा आला आणि त्यावर 'नो सिग्नल'. वर्गाने टाळ्या वाजवल्या. मी पुढची जोडणी शोधत होते तेवढ्यात लाईट गेली. आमच्याकडे ती जाते तेव्हा कधी भारनियमन असतं आणि कधी थकलेलं बिल. शाळेचं बिल ज्यांनी भरायचं त्यांच्याकडे पैसे नसतात आणि पैसे ज्यांच्याकडे असतात त्यांच्याकडे ते काम नसतं, एवढंच मला या विषयातलं कळलेलं आहे. सर दारात येऊन म्हणाले, "आमच्या वेळी आकाशवाणीवर इंग्रजीचे पाठ लागायचे. दोन सेल टाकले की झालं. रेडिओला पासवर्डपण नव्हता."

मग मी क्यूआर कोडकडे वळले. तिथे टीव्ही नको, प्लग नको. बालभारतीच्या पुस्तकावरचा कोड मोबाइलने टिपायचा, 2017 साली सुरू झालेल्या 'दीक्षा'वर त्या पाठाचं साहित्य उघडतं आणि गावाला रेंज असली तर ते दिसतंही. रेंज पाण्याच्या टाकीपाशी यायची, म्हणून पाचवीचा वर्ग टाकीखाली बसवला. फोन पुस्तकावर धरला. काही होईना. तिरका धरला, उलटा धरला, पदराने काच पुसली. शेवटी पुस्तक नीट बघितलं. कोडातला प्रत्येक पांढरा चौकोन निळ्या बॉलपेनने मन लावून भरलेला होता. कडेबाहेर रेघ नाही, एक घर सुटलेलं नाही.

"हे कुणी केलं?"

पुस्तकाची मालकीण उभी राहिली. "मी, मॅडम. रिकाम्या जागा भरल्या."

रागवावं असं काहीच सापडेना. त्या सालच्या पुस्तकांत नोंदींसाठी कोरी पानंही बांधून आली होती, ती तिने कोरी ठेवली होती. शेजारच्याचं पुस्तक घेतलं, तर त्याने कोडाच्या तीन कोपऱ्यांतल्या तीन चौकोनांना पापण्या काढून त्याचा शंकर केलेला. हा मात्र झटक्यात उघडला. हा कोड 1994 साली जपानमध्ये मोटारींच्या सुट्या भागांचा हिशेब ठेवायला काढला होता. कारखान्यात तेल, मळ लागणारच म्हणून थोडा भाग खराब झाला तरी तो वाचता यावा अशी त्यात मुळातच सोय आहे. ते तीन चौकोन यंत्राला दिशा कळावी म्हणून असतात. पापण्या चालतात, रिकाम्या जागा भरणं चालत नाही. प्रशिक्षणात हे कुणी सांगितलं नव्हतं.

एवढ्यावर थांबायला हवं होतं. पण मी एक वाचनाचं ॲप फोनवर घेतलं. मूल इंग्रजी वाचतं, ॲप ऐकतं आणि बरोबर आलं की तारे देतं. रेंजही लागत नव्हती. मुलांनी सुरुवात केली आणि तारे पडायला लागले. 'व्हेअर'ला 'व्हेर' म्हणा, 'स्कूल'ला 'इस्कूल' म्हणा, ॲप खूश. मग पोरं म्हणाली, आता मॅडम. मी डी.एल.एड.ला पाठांतर केलेल्या उच्चारांनी, ओठ नीट गोल करून, परिच्छेद म्हटला. एकही तारा नाही. दुसऱ्यांदा आणखी गोल केले. बाहेर बोकड ओरडला. कसा कोण जाणे, पण एक तारा पडला. तो माझा की त्याचा, यावर सातवीत आजही दोन गट आहेत. एका मुलीने माझी समजूत काढली, "मॅडम, लई हळू म्हणताय तुम्ही. त्याला वाटतंय तुमचं झालं."

आता मुख्य प्रसंग. बोर्ड आणि लांब वायर आता शाळेतच ठेवलेली, लाईट होती आणि फोनचा पडदा टीव्हीवर कसा दाखवायचा ते मी आदल्या रात्री शिकले होते. सरही मागे खुर्ची टाकून बसले होते. सहावीचा वर्ग, पडद्यावर एका कोल्ह्याची गोष्ट, एकेक शब्दाखाली रंग सरकतोय. मुलं वाचत होती म्हणण्यापेक्षा रंगाबरोबर पुटपुटत होती. तेवढ्यात पडद्याच्या वरच्या बाजूला माझ्या आईचा मेसेज उतरला.

माझी आई मराठीच लिहिते, पण इंग्रजी अक्षरांत. तिला तेच सोपं पडतं. मी घाईघाईने तो बाजूला सारायला बोट लावलं, ते चुकीच्या ठिकाणी लागलं आणि आमचं सगळं संभाषण पडद्यावर पसरलं. दीड फुटाची अक्षरं. क्षणभर शांतता. मग मागच्या रांगेतून कुणीतरी सुरुवात केली, "मुलगा... पुण्यात... आहे." आणि अख्खा वर्ग एका सुरात निघाला: "उंची पाच आठ. एकुलता एक. गावाकडे बारा एकर बागायत. नोकरी सोडशील का विचारत होते." अडखळणं नाही, बोटाने ओळ धरणं नाही, रंग सरकवणं नाही. कोल्ह्यापाशी महिनाभर अडलेली मुलंसुद्धा बागायतीपर्यंत सरळ गेली. "मॅडम, बारा एकर हाय की!" डाळिंबवाल्यांच्या घरातला एक मुलगा मनापासून म्हणाला. दुसरीला नोकरीची काळजी. "सोडू नका, मॅडम." तिसऱ्या ओळीतून मागणी आली, "फोटो दावा."

रोज जी लाईट बरोबर या वेळेला जाते, ती त्या दिवशी जागची हलली नाही. रेंजसुद्धा टाकी सोडून वर्गात आली होती. फोटो उघडला. सर उठले, पडद्याजवळ गेले, चष्मा वर केला आणि म्हणाले, "मुलगा बरा दिसतोय."

त्या स्थळाचं काही झालं नाही. माझ्या डोक्यात मात्र रात्रभर ते वाचन घुमत राहिलं. या मुलांना इंग्रजी अक्षरं वाचता येत नाहीत, असं मी धरून चालले होते. टीव्ही, कोड, तारे, बोकड हा सगळा खटाटोप त्याच्यासाठी होता. आणि ही मंडळी घरी वडलांच्या फोनवरून मामाला 'कधी येणार', 'कुठे आहे' हे सगळं याच अक्षरांत लिहीत होती. अक्षरं त्यांची कधीच झालेली होती. अडत होतं ते कोल्ह्यापाशी. ज्या शब्दाला ते ओळखत नाहीत तो शब्द त्यांच्याशी बोलत नाही, मग त्याच्याखाली कितीही रंग सरकवा.

दुसऱ्या दिवशी मी टीव्हीचं कपाट उघडलंच नाही. फळ्यावर इंग्रजी अक्षरांत आईसारखा एक मेसेज लिहिला: उद्या शाळेला सुट्टी आहे का. वर्गाने वाचला आणि उत्तर द्यायला फळ्याकडे धावला. मग त्यात एकेक शब्द बदलत गेले. 'उद्या'च्या जागी 'टुमॉरो', 'शाळा'च्या जागी 'स्कूल'. आठवड्याभरात फळ्यावर अशी भाषा उभी राहिली की मराठीच्या सरांनी बघितली असती तर रजेवर गेले असते. पण पोरं लिहीत होती, भांडत होती, एकमेकांचे मेसेज दुरुस्त करत होती. तक्रार एकच आली: "आपल्याकडं 'आहे' कसं बी लिहिलं तरी चालतं, मॅडम. इंग्रजीत मात्र एकच स्पेलिंग. लई हट्टी भाषा हाय." माझंही तेच मत आहे, पण मी शिक्षिका असल्यामुळे बोलले नाही.

सरांना हे आवडलं. पण त्यांची अडचण वेगळी होती. तंत्रज्ञानाच्या वापराचा फोटो केंद्राला पाठवायचा होता आणि खडू-फळ्याच्या फोटोला तंत्रज्ञान कुणी म्हणेना. तोडगा त्यांनीच काढला. "टीव्ही लावा. मागं दिसू द्या फक्त." मोटारवाल्याने बोर्ड लावला, टीव्ही सुरू झाला आणि त्याच्यासमोर मुलं फळ्यावर मेसेज लिहीत असल्याचा एक सुंदर फोटो निघाला. मागच्या पडद्यावर ठळक निळ्यात 'नो सिग्नल' होतं. ग्रुपवर एकाच्याही ते लक्षात आलं नाही. अंगठे मात्र पहिल्यापेक्षा जास्त आले. त्याच आठवड्यात केंद्रप्रमुखांचा निरोप आला की पुढच्या शिक्षण परिषदेत 'इंग्रजी अध्यापनात तंत्रज्ञान' या विषयावर मी मार्गदर्शन करायचं आहे. मी होकार दिला आहे. बोर्ड आणि तो मुलगा, दोघांनाही बरोबर नेणार आहे.

गावोगावच्या दानशूर मंडळींना एक विनंती आहे. शाळेला आता टीव्ही देऊ नका. द्यायचंच असेल तर तीन पिनांचा, लांब वायरीचा एक चांगला बोर्ड द्या आणि जमलं तर वर्षाचं वीजबिल भरा. पावती सर देतील. उद्घाटन ठेवणार नाही आणि हार आमच्याकडे आहे.