काठीला कार्बन

पुण्याचा भाचा दिवाळीला घनसावंगीत आला तो ट्रेकिंगच्या दोन काठ्या मिरवत. "मामा, कार्बन फायबर! जोडीचे पंधरा हजार." काठी खरंच हलकी होती. पण तिच्यापेक्षा त्याचा खिसा हलका झालेला.

"अमेरिकेत शिकारी हेच वापरतात," असं त्यानं वर ऐकवलं. वापरत असतील. तिकडचा गडी परवाना काढून दोन-चार दिवस डोंगर तुडवतो, एल्क नावाचं धूड पाडतो आणि मांसाचे तुकडे पाठीवर लादून उतरतो. तेवढं ओझं घेऊन उतारावर गुडघे बोलायला लागले की काठीवर पैसा घालावासा वाटणारच. आपल्याकडे वन्यजीव कायदा १९७२ चा, आणि हौशी शिकारीचे उरलेसुरले परवाने १९९१ च्या दुरुस्तीनं गेले. आता शिकार होते ती तुरीची आणि हरभऱ्याची. शिकारी म्हणजे रोही आणि रानडुकरं. आपण रात्रभर जागलीला, हातात काठी, तीही हाकायला.

मग जागलीला कोणती घ्यावी? भाच्याला आवडणार नाही, पण सांगतो. महाग आणि स्वस्त जोडीत वजनाचा फरक फार तर शंभर-दोनशे ग्रॅम. एवढी तर चुना-तंबाखूसकट आपली चंची भरते. ॲल्युमिनियमची काठी दगडात अडकली तर वाकते. गुडघ्यावर धरून बऱ्यापैकी सरळ करता येते. कार्बनला आडवा मार बसला की ती सूचना न देता कडकन मोडते, आणि मोडते तेव्हा डुक्कर समोर असतं. पैसे घालायचेच तर खटक्यावर घाला. पिळून आवळायचा जोड चिखल-धूळ गेली की सरकतो. खटक्याचा कुलूपजोड धरून ठेवतो. आणि टोकाला रुंद चकती हवीच. आपल्या काळ्या रानात पावसानंतर नुसतं टोक वीतभर आत जातं. मग काठी माणसाला धरत नाही, माणूसच काठी उपसत बसतो.

यातलं काहीच नको असेल तर वेळूची काठी आणि खाली लोखंडी शेंबी. आपल्याच तालुक्यातल्या जांबेत १६०८ साली जन्मलेले समर्थ रामदास बारा वर्षं देशभर पायी हिंडले असं परंपरा सांगते. त्यांची म्हणून जी कुबडी सज्जनगडावर दाखवतात, तिच्यावर कुठल्या कंपनीचं नाव नाही.

भाचा मात्र जागलीला आला नाही. थंडी होती म्हणे. काठ्या खोक्यातच राहिल्या.

तर मंडळी, खटक्याची साधी ॲल्युमिनियमची घ्या, एकच घ्या. उरलेल्या पैशात चांगली बॅटरी घ्या. अंधारात काठीच्या आधी उजेड लागतो.